पुढच्या चाकातलं ग्रीस

माझी शाळा चौथीत सुटली. बाकीचं शिक्षण कळंबोलीला, न्हावा शेवा बंदराच्या ट्रेलरांखाली पाठीवर पडून झालं. चाळीस वर्षं मी गाड्यांना ग्रीस मारलं आणि एकाच ड्रममधलं मारलं. स्प्रिंगच्या पाट्यांच्या पिना, शाफ्टच्या सांध्यातला क्रॉस, चाकाचं बेअरिंग, सगळ्याला तेच पिवळं. अंगठा आणि बोटात चोळून बघायचं, तार सुटली की माल चांगला. जुनं ग्रीस आमच्याकडे कोणी धूत नसे. वरून नवीन घाला, जुनं आपोआप बाहेर येतं, अशी रीत.

आता गुडघे वाकत नाहीत. घरामागच्या शेडमध्ये बसून फक्त मुलीची जीप बघतो. ती बँकेत आहे, सुकापूरला राहते, आणि दर रविवारी ही जुनी फोर-बाय-फोर ओढ्यात नि चिखलात घालते. जावई म्हणतो, बायका सोनं घेतात, आमच्या हिने चिखल घेतला.

दिवाळीनंतर ती तीन डबे घेऊन आली.

"बाबा, निळं चाकाच्या बेअरिंगला, ब्रेकची उष्णता सोसतं. काळं शाफ्टच्या क्रॉसला, दणके खातं. हे पांढरं सिलिकॉनचं, सस्पेन्शनच्या रबरी बुशांना. तुझ्या पिवळ्यानं रबर फुगतं."

"चाळीस वर्षांत माझं काय फुगलं नाय."

"पोट फुगलं की."

बुशांचं आणि क्रॉसचं मी ऐकलं. बेअरिंगचं नाही ऐकलं. पुढची चाकं उघडली तर आत तिने आधी कुठेतरी भरून घेतलेलं निळं ग्रीस होतं, अगदी ताजं. ते पुसून फेकायचं जिवावर आलं. डब्यातल्या निळ्याची तारही मला पटली नाही. मी दोन्ही चाकांत वरून माझं पिवळं दाबून भरलं आणि सांगितलं, झालं.

दुसऱ्याच रविवारी तिच्या सोबतच्या जीपवाल्यांनी जीप दोराने ओढून आणली. ओढा पार करून उतारावर आल्यावर डावं पुढचं चाक तापलं आणि डुलायला लागलं. थोडं पुढे दरी होती. मुलगी शेडमध्ये उलट्या बादलीवर बसली.

"माझीच चूक. पाणी खोल दिसत होतं, तरी घातली. चाकात पाणी शिरलं. सगळे तेच म्हणाले, मॅडम, अंदाज घ्यायचा असतो." मग म्हणाली, "विकून टाकते. मला नाही जमत हे."

मी चाक उघडलं. ग्रीसमध्ये पाणी शिरलं की ते ताकासारखं पांढरं होतं, हे शाळेत न गेलेल्यालाही कळतं. इथे पांढरं काही नव्हतं. हिरवट, वरणाच्या पाण्याइतकं पातळ काहीतरी बोटांवरून गळत होतं. निळं चांगलं होतं, माझं पिवळंही चांगलं होतं. एकत्र घातल्यावर दोन्हींनी पकड सोडली, वितळून बाहेर गेली आणि बेअरिंग कोरडं पडलं.

हात पुसले. म्हटलं, "बेअरिंग गेलं. नवीन घालू."

"घाल. चालती करून दिली पाहिजे घेणाऱ्याला."

दोन दिवस मी तोंड उघडलं नाही. कामात चूक काढायला कोणी माझ्याकडे आलं नव्हतं कधी, आणि ह्या वयात आपणच बोलवायचं?

तिसऱ्या दिवशी रोडपालीचा एकजण जीप बघायला आला. त्याने टायरला लाथ मारून पाहिली. मुलगी त्याला सरळ म्हणाली, "लपवत नाही, माझ्या चालवण्यामुळे एक चाक गेलंय." परक्या माणसासमोर खाली बघून बोलली.

"तिच्यामुळे नाय," मी म्हटलं. "मी दोन ग्रीस एकात घातली. पाण्याचा थेंब नव्हता आत."

तो माणूस म्हणाला, "काका, मग घेऊ का नको?"

"विकायची नाय."

"ते तू कोण ठरवणार?" मुलगी माझ्यावर ओरडली. "दोन दिवस मी स्वतःला शिव्या घालतेय, आणि तू इथे बसून चहा पीत होतास?"

"पीत होतो."

रोडपालीवाला फोन आल्यासारखं करून निघून गेला. ती उजव्या पुढच्या चाकापाशी गेली. मग म्हणाली, "दुसऱ्या चाकातही तसंच केलंस?"

"केलं."

"उघड. धू. विकायचं मग बघू."

मी खाली बसलो. बसायलाच दोन मिनिटं लागली. रॉकेलमध्ये बेअरिंग धुतलं, बेअरिंग ज्यात बसतं त्या हबचा आतला कोपरान् कोपरा चिंधीने पुसला. ती निळा डबा मांडीवर घेऊन समोर बसली होती. मी हात पुढे केला तर डबा दिला नाही. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळून तिने हबच्या आतून फिरवलं आणि माझ्यापुढे धरलं.

"अजून आहे."

मी पुन्हा पुसलं. तिने पुन्हा बोट फिरवलं.

"अजून."

मी रॉकेलचा डबा जवळ ओढला.