दोन बोटांची फट

दत्तूमामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी कर्जतच्या घरी आईच्या केसांना तेल लावत होते. पलीकडे मामाचा जुना फिटर गणपत होता. "मामांनी शटर उघडलं, खुर्चीत बसले, चहा मागवला... आनि बसलेलेच ऱ्हायले." मी काही बोलण्याआधीच आईने मान न वळवता विचारले, "दत्तू?" माझे बोट तिच्या भांगातच थांबले होते. या गोष्टीला आता पाच आठवडे होतील. खोबरेल तेलाचा वास आला की मला अजून तो एकच शब्द ऐकू येतो.

मामा आईचा धाकटा भाऊ. खालापूरकडच्या भातशेतीच्या घरातला. साजगावच्या एका कारखान्यात त्याने आग विझवणाऱ्या पथकात उमेदीची सगळी वर्षे काढली. पथकाच्या गाडीची निगा राखता राखता त्याला यंत्रांची ओढ लागली, आणि निवृत्तीनंतर त्याने कुंभिवलीला हायवेलगत पत्र्याची शेड टाकून जुन्या मोटारी दुरुस्त करायला घेतल्या. त्या शेडमध्ये पाऊल टाकले की आधी गंध भेटत: तापलेला पत्रा, ग्रीस, जुन्या सीटचे कातडे, आणि या सगळ्यांच्या खालून वाहणारा पेट्रोलचा थंड, गोडसर वास. मामा दारातच क्षणभर थांबून नाक उचलून तो वास घेत असे. कुठली गाडी गळते आहे हे त्याला नजरेआधी नाकाने कळे. पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला तो चमत्कार वाटला. खरे सांगायचे तर अजूनही वाटतो.

त्याचा एक नियम होता. शेडमधून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मोटारीत चालकाच्या सीटशेजारी, हात पोहोचेल तिथे, लोखंडी पट्टीने घट्ट बसवलेला लाल अग्निशामक असलाच पाहिजे. मामा त्याला 'बाटला' म्हणे. आणि गाडी ताब्यात देण्यापूर्वी पुढे बसणाऱ्या प्रत्येक माणसाने डोळे मिटून तो काढून दाखवायचा. "धुरात डोळं कामाचं नसतात," तो म्हणे, "हाताला ठावं पायजे." कळंबच्या एका रिसॉर्टवाल्यांनी एकदा तक्रार केली की, मलईरंगी सीटशेजारी हे लाल धूड फार वाईट दिसते, ते मागे डिकीत ठेवा. मामाने चहाचा घोट घेतला आणि अत्यंत आदराने म्हणाला, "ठेवतो ना सायेब. आगीला तेवढं सांगून ठेवा, डिकीतच लाग म्हनून." गृहस्थ रागाने निघून गेले. दोन दिवसांनी परत आले आणि निमूट डोळे मिटून बसले.

माझे वडील गेले, तेव्हा त्यांची जुनी, गोल दिव्यांची, दुधी रंगाची मोटार मागे राहिली. दोन वर्षे ती ताडपत्रीखाली होती. तिच्या स्टिअरिंगवर जिथे बाबांचे अंगठे टेकत, तिथला रंग झिजून गेला होता. आई कधीतरी ताडपत्री वर करून तेवढीच जागा पुसून येई. ती गाडी पुन्हा चालावी, एवढीच तिची इच्छा होती. मामाने ती शेडवर नेली आणि एक अख्खा हिवाळा तिच्यावर घालवला. गाडी घ्यायला गेलो तेव्हा त्याने मला बाजूला सारले आणि आधी आईला पुढच्या सीटवर बसवले.

"ताई, मीट डोळं. काढ बाटला."

"अरं, मी काय बंबवाली हाय का? गाडी ही चालवनार, मी नुसती बसनार."

"म्हनून तर. चालवनारीचं हात गुतलेलं असतात. नुसत्या बसनारीचं रिकामं."

आईचा हात आधी गिअरला लागला, मग हँडब्रेकला, मग माझ्या पर्सला. "घे, हिच्यात तुझा बाटला नाय, कंगवा हाय!" गणपत तोंड फिरवून हसत होता. मामा मात्र हसला नाही. आईने अकरा वेळा चाचपडून पाहिले, बाराव्या वेळी पट्टी खटकन सुटली आणि बाटला तिच्या मांडीवर आला. मग माझी पाळी. धूर दिसला तर पहिले काय करशील, असे त्याने विचारले. बॉनेट उघडेन, मी म्हणाले. "झालं! चुलीत फुंकनी घातलीस, बाय." त्याने मला आतला खटका ओढायला लावला. बॉनेट दोन बोटे वर आले आणि अडकून राहिले. "एवढीच फट. पुढची कडी काढायची नाय. ह्या फटीतनं नळी आत, आनि ज्वाळेच्या मुळाशी मारायचं, शेंड्याला नाय." बाटल्यातली भुकटी गाडीच्या हादऱ्यांनी तळाला बसते, म्हणून दर शनिवारी तो उलटा करून हलवायचा, हे काम आईकडे आले. ती तो मांडीवर पालथा घेऊन थोपटत असे. तान्ह्या बाळाला ढेकर काढायला थोपटतात, तसा.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी आम्ही दोघी खोपोलीकडे निघालो होतो. आधी वास आला. मग बॉनेटच्या कडेने एक निळसर, रेशमासारखी बारीक रेघ निघाली, आणि पाहता पाहता तिचा रंग काळा झाला. मी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केले, खटका ओढला, धावत पुढे गेले... आणि शिकवलेले सगळे विसरून दोन्ही हातांनी कडी शोधू लागले. बाबांची गाडी जळते आहे, एवढेच मला कळत होते. मागून आईची किंकाळी आली, "उघडू नको गं! दोन बोटं! दोनच!"

मी वळून पाहिले. सत्तरी ओलांडलेली माझी आई पदर खोचून उभी होती. हातात बाटला, पिन काढलेली, आणि डोळे अजून घट्ट मिटलेले. हात जे शिकला होता, ते तो डोळ्यांना न विचारता करून मोकळा झाला होता. मग तिने डोळे उघडले, मला कोपराने बाजूला केले आणि नळी फटीत धरली. एक मोठा फूत्कार झाला. पांढऱ्या ढगात आई दिसेनाशी झाली. ढग विरला तेव्हा पांढऱ्या पापण्यांची, पांढऱ्या ओठांची एक बाई त्यातून खोकत बाहेर आली, आणि रस्त्यावर एवढी शांतता पसरली होती की तापलेल्या लोखंडाचे टिकटिकणे ऐकू येत होते.

मामा टेंपोने आला. त्याने आधी बहिणीचे दोन्ही तळवे उलटसुलट करून पाहिले. मग बॉनेटमध्ये वाकला, आणि बराच वेळ वर आलाच नाही. उठला तेव्हा त्याच्या हातात जळलेल्या रबरी नळीचा वीतभर तुकडा होता. गाडीतल्या पेट्रोलच्या सगळ्या नळ्या त्याने बदलल्या होत्या, ही एक सोडून. आताच्या पेट्रोलने जुने रबर कुजते, हे तो येईल त्याला बजावत असे. पण या नळीला बाबांनी स्वतः तारेचे वेढे घातले होते.

"भावजींच्या हातची गाठ व्हती, ताई. माझ्यानं तोडवली नाय. चूक माझी हाय."

"गप रं. तुझ्याच बाटल्यानं इझली ना?"

"बाटला लागायलाच नको व्हता."

गाडी त्याने पुन्हा उभी केली. पण मी नतमस्तक झाले ती त्याच्या पुढच्या कृतीपाशी. शेडमध्ये गिऱ्हाईक चहा पिते तिथे एका खिळ्यावर कारखान्याने दिलेले मानपत्र टांगलेले होते. ते त्याने उतरवले आणि त्याच खिळ्याला ती जळकी नळी अडकवली. येणाऱ्या प्रत्येकाला तो सांगू लागला, "ही माझी चूक. तुमच्या गाडीत अशी कुठं दडली हाय, ते आता बघू." आईला ते सहन होत नसे. "चार लोकांत कशाला दाखवायचं?" म्हणत तिने दोनदा ती काढून ठेवली, दोन्ही वेळा त्याने पुन्हा लावली. शब्दांतली नम्रता मी पुष्कळ वाचली आहे. खिळ्याला टांगलेली, रोज धूळ पुसून ठेवलेली नम्रता मी त्या एकाच ठिकाणी पाहिली.

त्याचे दिवसकार्य उरकल्यावर शेडमध्ये एक मोटार उरली होती. गणपतने तिचे काम पुरे केले. गेल्या आठवड्यात मी आणि आई तिथे गेलो, तेव्हा पनवेलचे एक वयस्कर गृहस्थ ती न्यायला आले होते. खिळ्याकडे पाहून त्यांनी सहज विचारले, "हे काय लटकवलंय?" गणपत चुळबुळला. मी आईकडे पाहिले. आता ती नळी ती उतरवील, पिशवीत घालील, असे मला वाटले.

"चूक हाय," आई म्हणाली. "माझ्या भावाची." भावाने आणलेली साडी बायका ज्या स्वरात दाखवतात, तो स्वर होता तिचा.

मग ती उठली, गाडीपाशी गेली आणि तिने दार उघडून धरले. "बसा. आनि डोळं मिटा."

गृहस्थ हसले, पण त्यांनी डोळे मिटले. त्यांचा हात हवेत चाचपडू लागला... आई दाराशी उभी होती. तिला कसलीच घाई नव्हती.