उखर्डूनानाचा पालथा हात

उखर्डूनाना तारेला हात लावायचा तो पालथा. तळहाताने धरलं तर करंट मूठ आवळून घेतो, माणूस सुटत नाही. पालथा हात झटका बसताच मागे येतो. असोद्याच्या शिवारात तार तुटली, झोल खाऊन खाली आली, की लोक बांधावर थांबत आणि नानाला बोलावणं जाई. नाना येई, चपला काढून अनवाणी उभा राही, उजव्या हाताची पाठ तारेला टेकवी, क्षणभर डोळे मिटी आणि म्हणे, "थंड हाये." मग लोक कामाला लागत. चाळीस वर्षांत हे दोन शब्द एकदाही खोटे निघाले नव्हते.

तो सरकारी माणूस नव्हता. खरा वायरमन नवल. तो सोनगीरचा, धुळ्याकडून बदलून आलेला, वयाने नानाच्या मुलाएवढा. नवलकडे अकरा गावं आणि दोन पाय. म्हणून खांबावर चढणारा, फ्यूज बांधणारा, शिव्या खाणारा माणूस नाना. अशा माणसाला खेड्यापाड्यांत झिरो वायरमन म्हणतात. कागदावर तो कुठेच नसतो.

कागदावर नसणं नानाला जन्मापासून अंगवळणी पडलं होतं. आईची आधीची तीन लेकरं गेली, तेव्हा चौथ्याला तिने जन्मतःच उकिरड्यावर ठेवलं. शेजारणीने उचललं आणि आईने पायलीभर ज्वारी देऊन ते फेकलेलं पोर तिच्याकडून विकत घेतलं. नाव ठेवलं उखर्डू. फेकून दिलेल्या वस्तूकडे मरण कशाला पाहील, असा त्या नावामागचा विचार. नाना हे हसत सांगे, पण खांबावर चढताना तो त्या विचारावर पाय ठेवूनच चढे.

आणखी एक गोष्ट त्याची होती. दुतोंडी. शेतातल्या घरांत लाईट गेली की जनरेटर असूनही पाण्याची मोटर चालत नसे, कारण ती घराच्या वायरिंगवर. नानाने उपाय काढला. एका वायरच्या दोन्ही टोकांना पिन लावली. एक पिन जनरेटरमध्ये, दुसरी भिंतीतल्या सॉकेटात, की सगळं घर चालू. अट एकच : आधी मेन स्विच पाडायचा. तो पाडला नाही तर करंट घरात थांबत नाही, उलटा खांबावर चढतो. ज्या ज्या घरात त्याने दुतोंडी दिली तिथे मीटरशेजारी गेरूने स्वतः लिहिलं, 'आधी मेन पाड'. अशी अकरा घरं होती. लोकांनी त्याला चहा पाजला, डोक्यावर घेतलं. नानाला ती त्याच्या आयुष्यातली सगळ्यांत चांगली युक्ती वाटे.

त्या वर्षी जूनच्या सुरुवातीला समुद्रात वादळ उठलं. असोद्यापासून समुद्र शेकडो मैल लांब. लोकांनी चार दिवस मोबाईलवर कोकणातली उलटलेली होडकी पाहिली आणि हळहळले. पाचव्या दिवशी दुपारी बातमी आली की वादळ किनाऱ्यापासून दूर सरकलं, जोर ओसरला, धोका टळला. ती बातमी लोक वाचत असतानाच सरकलेलं वादळ खानदेशावरून निघालं. चाळीस मिनिटं वारा होता. तो थांबला तेव्हा कापणीला आलेल्या केळीच्या बागा एकाच दिशेला निजल्या होत्या, सगळी डोकी पूर्वेकडे.

दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं. जणू कुणी काही केलंच नाही.

ऊन हेच आता संकट होतं. आडव्या झाडावरचा घड उघडा पडतो, दोन दिवसांत करपतो. तो आजच कापून सावलीत न्यायला हवा. योगराजच्या बागेच्या बांधावर सकाळी आठलाच बाया येऊन उभ्या राहिल्या, हातात चुंबळी घेऊन. पुढे कमलबाई. केळीचे घड डोक्यावर वाहण्यात तिची तीस वर्षं गेली होती. मान अजून ताठ होती. नानाला ती राखी बांधायची. तिची सून दिपमाला तिच्या मागे.

बागेत तार पडली होती. अलीकडच्या खांबावरून तुटलेली. तिचं एक टोक केळीच्या पानांखाली गेलेलं, दुसरं अजून योगराजच्या घराजवळच्या शेवटच्या खांबाला बांधलेलं. योगराज स्वतः तलाठ्याला पंचनाम्यासाठी आणायला गेला होता. घरी एकटी त्याची बायको, मयुरी.

नाना आणि नवल मोटरसायकलवरून आले.

"बठ्ठा फीडर बंद शे, नाना," नवल म्हणाला. "सबस्टेशनमाच अंधार शे. आते दोन दिन लाईन येत नही."

"साखळी?"

साखळी म्हणजे अर्थिंगची. तारेला अडकवायची, दुसरं टोक जमिनीत. मग कुठूनही करंट आला तरी तो जमिनीत जातो.

"ती वरला खांबवर लाई दिन्ही. एकच शे."

एकच साखळी, आणि ती वरच्या खांबावर अडकवून ठेवलेली. नानाने मान हलवली. कमलबाई बांधावरून ओरडली, "उखर्डूभाऊ, लाव बरं हात लवकर. ऊन काही तुझ्यासाठी थांबत नही. अन् मरशीन त आधी सांगून मर, आम्ही कामाले दुसरीकडे जाऊ."

बाया हसल्या. नानाही हसला. चपला काढल्या, हाताची पाठ तारेला टेकवली, डोळे मिटले.

"थंड हाये."

तार खरंच थंड होती. नंतर कितीतरी दिवस नाना स्वतःला हेच सांगत राहिला, की त्या वेळी ती थंड होती.

तार गुंडाळून बाजूला टाकायला अर्धा तास लागला असता. पण तीनशे पावलांवरच्या खांबाखाली शाळेचा रस्ता होता, तिथली तार आधी उचलायला हवी होती. "पाय जपून टाका," एवढं बोलून नाना नवलबरोबर गेला. बाया बागेत शिरल्या. पाणी घोट्याएवढं होतं. थोड्या वेळाने त्याला लांबून कमलबाईचा आवाज आला, "मयुरी, प्यायचं पाणी पाठव वं माय." घराच्या ओट्यावरून मयुरी काहीतरी म्हणाली.

नाना खांबावर होता. पट्टा कमरेला. हातात पक्कड. तेव्हा त्याला तो आवाज ऐकू आला.

आधी दोन वेळा दोरी ओढल्याचा घरघराट. मग तिसऱ्यांदा मशीन लागलं आणि एकसारखं फडफडत राहिलं. योगराजच्या घरातलं जनरेटर. रिकामी टाकी, तहानलेल्या बाया. नानाला सगळं एकदम दिसलं : मयुरीचा हात, भिंतीतलं सॉकेट, वायर. ती वायर कुणी बनवली हेही दिसलं. मयुरी या घरात तीन वर्षांपूर्वी लग्न होऊन आली. त्याच्या आदल्या दिवाळीला भिंती रंगवल्या. गेरूने लिहिलेलं त्या रंगाखाली गेलं होतं, आणि नाना त्या ओट्यावर फराळ करताना म्हणाला होता, रंग छान झाला.

"बाहेर निघा," तो ओरडला. "बाया हो, बाहेर निघा."

जनरेटरच्या आवाजात ते कुणाला ऐकू गेलं नाही. तो खांबावरून उतरला की पडला, हे त्याला पुढे आठवलं नाही. खाली आल्यावर दोन वाटा होत्या. एक बागेकडे, एक घराकडे. तो घराकडे पळाला. मशीन बंद झाल्याशिवाय बागेत जाऊन उपयोग नाही, हे त्याच्या पायांना ठाऊक होतं. ओट्यावर मयुरी हंडा घेऊन उभी होती. "नाना, थांबा, पाणी भरलं की..." त्याने तिला बाजूला सारलं, दुतोंडी सॉकेटातून ओढली आणि जनरेटरचं बटण पाडलं.

मशीन बंद पडलं. इतकी शांतता झाली की पानांवरून गळणारं पाणी ऐकू येत होतं. बागेतून रडण्याचा आवाज येईल म्हणून तो थांबला. आवाज आला नाही. मग दिपमाला साध्या आवाजात म्हणाली, जणू कुणाला उठवत आहे, "आत्याबाई. आत्याबाई, उठा ना."

कमलबाई केळीच्या दोन खोडांमध्ये बसल्यासारखी होती. घड मांडीवर. चुंबळ अजून डोक्यावर, जराही न हललेली.

तलाठी दुपारी आला तो केळीच्या पंचनाम्याला, आणि त्याला दुसराही लिहावा लागला. सोबत एक हवालदार. गावातल्या शहाण्या माणसांनी तोवर ठरवलं होतं की वादळाने तार तुटली, वादळाने बाई गेली. सोपं होतं ते. मयुरी वाचत होती, नवल वाचत होता, नानाही वाचत होता. हवालदाराने ते लिहायला घेतलं.

"वादळ काल गेलं साहेब," नाना म्हणाला.

"मग?"

"तार थंड होती. मी सांगितलं म्हणून त्या आत गेल्या. साखळी लावायला पाहिजे होती, लावली नाही. घरातून उलटा करंट गेला. ती वायर मी बनवलीय."

"नाना, गप बस," योगराज हळूच म्हणाला.

"पोरीले काय माहीत," नाना त्याच्याकडे न बघता म्हणाला. "पोरीले कोणी सांगितलंच नव्हतं."

हवालदाराचा पेन थांबला. "तुम्ही कोण? वायरमन?"

नानाने नवलकडे पाहिलं. नवल खाली बघत होता.

तीन दिवस नाना घरोघरी फिरला. नऊ दुतोंड्या मिळाल्या. योगराजची हवालदाराने नेली. अकराव्या घरातला रतिलाल म्हणाला, "नाना, चुकी त्या पोरीची. आम्ही मेन पाडतो. पाणी काय तुम्ही आणून देशान?" नानाने वाद घातला नाही. रतिलाल जेवायला आत गेला तेव्हा त्याने ओट्यावरची वायर पकडीने मधोमध तोडली आणि तुकडे तिथेच ठेवून निघून आला.

चौथ्या दिवशी पलीकडच्या मळ्यातून बोलावणं आलं. तिथेही तार पडलेली, तिथेही घड करपायला लागलेले. बांधावर बाया उभ्या. त्यांत दिपमाला होती. सासूचे दिवस झाले नव्हते, तरी आली होती.

नानाने चपला काढल्या. उजवा हात वर आला आणि तारेपासून वीतभर अंतरावर थांबला. तो आपल्या हाताच्या पाठीकडे बघत राहिला.

"साखळी आण," तो नवलला म्हणाला.

नवलने साखळी अडकवली, सळई जमिनीत ठोकली. नानाने दोन वेळा ओढून पाहिली. मग तार खांबापाशी तोडली, गुंडाळली, बांधाबाहेर नेऊन टाकली. सगळे त्या दोन शब्दांची वाट पाहत होते. तो अनवाणीच पाण्यात उतरला आणि आडव्या केळींमधून चालत बागेच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेला, तिथून दुसऱ्या सरीने परत आला. चिखल गुडघ्यापर्यंत.

बाया बांधावरच उभ्या होत्या.

तो वळला आणि पुन्हा चालायला लागला, तिसऱ्या सरीने.