खडूच्या रेघेवर पाय

टाचणीमावशी म्हणून सगळी गल्ली तिला ओळखायची. उभा जन्म कपडे शिवण्यात गेलेला, ओठांत कायम टाचण्या, आणि बोलणंही तसंच टोचरं. हे काम तिला शिकवलं थोरल्या बहिणीनं. ताई फरशीवर कापड पसरून खडूनं रेघा आखायची, आणि धाकटीचा पाय रेघेवर पडला की घोट्यावर लाकडी पट्टी बसलीच म्हणून समजा. रेघ पुसली म्हणजे कापड गेलं. तेव्हापासून मावशीनं खडूच्या रेघेवर कधी पाय दिला नाही.

आता दोघी म्हाताऱ्या. ताई वरच्या मजल्यावर, मावशी खाली. सकाळी ताई काठीनं जमीन ठोकायची, मावशी झाडूच्या दांड्यानं छत ठोकायची. झाली विचारपूस. पण मावशी जिन्यात घसरून आपटली आणि वर जाणं बंद झालं. हाड सांधलं, धीर मोडला तो मोडलाच. इकडे काठीचा आवाज बारीक होत चालला. ताई अंथरूण सोडत नाही, असं स्वयंपाकाची बाई सांगे.

भाचा म्हणाला, "खुर्चीत बसवून वर नेतो."

"मी काय कपाट आहे?" मावशी म्हणाली. "मला उचलून आणलेली बघितली, तर ताई गाशाच गुंडाळेल. मी माझ्या पायांनी जाणार."

मग व्यायाम शिकवणारी मुलगी येऊ लागली. हात न टेकता खुर्चीतून उठायचं, बसायचं. शिवणयंत्राला धरून एका पायावर उभं राहायचं. यंत्राच्या थंड लाकडावर हात ठेवला की मावशीचे डोळे मिटू लागत, आणि तिला वाटे, आजवर शिवलेले सगळे झगे खोलीभर वाऱ्यावर हलताहेत, आत कुणीच नाही.

"मावशी, डोळे उघडे," मुलगी म्हणे.

एक दिवस मुलीनं फरशीवर खडूनं रेघ ओढली. टाचेला बोटं लावत त्या रेघेवरून चालायचं. मावशी निघाली आणि पहिल्याच पावलाला झोकांडी गेली. पाय रेघेपाशी यायचा आणि आपसूक बाजूला पडायचा. पुन्हा केलं, पुन्हा तेच.

"तोल फारच जातोय," मुलगी म्हणाली. "जिन्याचं एवढ्यात नको."

दुपारी तिला डुलकी लागली. सगळी जमीन पांढरं कापड झाली होती, कुठं संपतच नव्हतं, आणि पार पलीकडे ताई पट्टी घेऊन बसली होती, तरुण, वेणी पुढं टाकलेली. मावशी जागी झाली ती घोटा चोळतच. मग तिचं तिलाच हसू आलं. अगं बाई, तोल कसला, हा तर ताईचा धाक.

दुसऱ्या दिवशी तिनं मुलीच्या हातात निळी फीत दिली. "खडू नको. ही चिकटव." फितीवरून पाय सुतासारखा सरळ गेला.

पुढं कितीतरी दिवसांनी, कठडा धरून, मुलगी मागे, मावशी जिना चढली. ताई भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"कुणी उचलून आणलं?"

"कुणी नाही. चालत आले."

ताई वळली. बराच वेळ बहिणीच्या पायांकडे बघत राहिली. "मला जमेल का गं?" ती म्हणाली, आणि मावशीला रडूच कोसळलं.

ताई पलंगाला धरून उभी राहायला शिकली, मग मुलीचा हात धरून चालायला. फीत संपली होती, म्हणून मावशीनं खडूच घेतला आणि ताईच्या फरशीवर रेघ ओढली. ताईचा पाय रेघेपाशी आला आणि बाजूला पडला.

"दे पाय," मावशी म्हणाली. "कापड नाही हे."

ताईनं पाय उचलून रेघेवर ठेवला. खाली बघतच हळूच विचारलं, "पट्टी फार लागायची का गं?"

"लागायची," मावशी म्हणाली. "टाक पुढचं पाऊल."