खिडकीत न घेतलेलं नाव

माह्या हातून माहा नवरा मेला, हे खरं हाय. म्या त्याईले मारलं, हे साफ खोटं. ह्या दोन गोष्टीत फरक किती, हे मले अकोल्याच्या कचेरीत कडेवर तान्ही पोर घेऊन सांगा लागलं. आजही कोणी मागून कुजबुजलं का मी तोंडावर सांगते. कोणाच्या बापाले भेत नाही.

आमी अमरावतीचे माळी. गावाबाहेर विहिरीवर वांगे, मेथी, झेंडू लावत होतो. तिकडं समुद्रापल्याड कोणाची तरी लढाई जुंपली अन् इकडं कापसाले असा भाव आला का माणसं येडी झाली. माह्या नवऱ्यानं फळावर आलेली वांग्याची वाडी उपटली अन् कापसाची पऱ्हाटी लावली. तेवढ्यानं भागलं नाही, तर लोकाईच्या कापसाच्या गाठी गाडीत भरून अकोल्याले न्यायले लागले. अशीच एक गाठ उतरवताना पायावर पडली. नडगीचा चुरा झाला. लोकाईनं उचलून सरकारी दवाखान्यात टाकलं अन् मले निरोप धाडला.

मी पोचली ते पहिले भांडलीच. काय करू, जीव घाबरला का माही जीभ सुटते. "मुडदा बशिवला तुमच्या त्या कापसाचा! माही वांगी काय वाईट होती? आता मरा इथं पडून!" दहा खाटांवरचे दहा लोक आयकून राहिले होते. घरात बाया दिवसातून चारदा असं बोलतात. कागदावर चढलं का तेच खुनाचं बोलणं होते.

आता दवेचं सांगते. आमचे लोक दवाखान्यातलं पाणी पेत नसत. कोणी भरलं, कोणाच्या भांड्यात ठेवलं, काय ठाव! म्हणून डाक्तरसायेबानं मुभा देली होती का घरच्या बाईनं आपलं भांडं आणावं, खिडकीतून दवा घ्यावी अन् आपल्या हातानं पाजावी. मी रोज सकाळी तांब्या घासून न्यायची. खिडकीत कंपाउंडर, अन् त्याच्या मागं रोग्याईच्या नावाच्या चिठ्ठ्या लावलेल्या बाटल्या. तो इचारे, "कोणाची दवा?" मी सांगे, "पायावर गाठ पडली, त्याईची."

नाव कसं घेऊ? आमच्यात बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. घेतलं तर त्याईचं आयुष्य कमी होते, असं मले माह्या मायनं सांगतलं, तिले तिच्या मायनं. शिव्या हजार देल्या असतील, नाव एकदाही नाही घेतलं.

तीन दिवस बराबर चाललं. तिसऱ्या दिवशी सांजेले मोर्शीकडचा एक गाडीवान दवाखान्यात आला, त्याच्याही पायावर गाठच पडली होती. त्या साली अकोल्यात कापसाखाली सापडलेल्या पायाईले काय तोटा! पण मले हे माहीत नव्हतं. चौथ्या दिवशी म्या रोजच्यासारखंच सांगतलं, "पायावर गाठ पडली, त्याईची." कंपाउंडर मागं कोणाशी तरी हासून बोलून राहिला होता. बोलता बोलताच त्यानं एक बाटली काढली अन् तांब्यात ओतली.

नवऱ्यानं एक घोट घेतला अन् तोंड वाकडं केलं. "आज लई जळजळते वं." म्या म्हटलं, "दवा हाय ती, लग्नाचा लाडू नाही. प्या गुमान." त्याईनं पेली. दुपारच्या आत गेले. ते माहं बोलणं मले अजून खाते, अन् मरेपर्यंत खाईन.

डाक्तरानं सांगतलं, पोटात जहर गेलं. कंपाउंडर म्हणे, दवा बराबर होती, बाईनं वरून काही कालवलं. खाटांवरच्या लोकाईनं माहं भांडण सांगतलं. सासरा अमरावतीहून आला, अन् त्यानंही शपथेवर सांगतलं का वांग्यापायी सूनबाई महिनाभर धुसफुसत होती. आता मले एक तर फाशी, नाही तर काळं पाणी. अन् पोर अजून अंगावर पेत होती. तिले कोण पाहणार होतं?

कचेरीत सायेब खुर्चीवर अन् बाजूले म्हातारा शिरस्तेदार, कागद लिवणारा-वाचणारा. सायेबानं कंपाउंडराले इचारलं, बाईनं कोणाची दवा मागितली?

"हुजूर, नवऱ्याचं नाव सांगितलं. मी त्याच नावाची बाटली दिली."

"तिनं स्वतः नाव घेतलं?"

"स्वतःच्या तोंडानं, हुजूर. अगदी स्पष्ट."

शिरस्तेदाराची लेखणी थांबली. म्या पोर दुसऱ्या कडेवर घेतली अन् वरडली, "खोटारड्या! कोणाले सांगून राहिला तू? माह्या सासूनं मरेपर्यंत नवऱ्याचं नाव घेतलं नाही, अन् म्या तुह्या खिडकीत येऊन घेतलं?"

शिपाई धावला. शिरस्तेदारानं त्याले हातानं थांबवलं अन् सायेबाले आमची रीत समजावून सांगतली. कंपाउंडर मोठा हुशार. म्हणे, "हुजूर, या बायका उखाण्यात नाव घेतात. लग्नात घेतात, हळदीकुंकवाला घेतात."

"घेतो ना!" म्या म्हटलं. "मंग तुह्या खिडकीत मांडव घातला होता काय रे? करवल्या कुठं उभ्या होत्या? कोणता उखाणा घेतला म्या, म्हणून दाखव!"

अख्खी कचेरी हासली. सायेब नाही हासला. त्यानं हुकूम केला, तू शपथेवर हायेस, नवऱ्याचं नाव सांग. म्या मान हालवली. नाही सांगतलं तर कोठडीत टाकीन, म्हणे. म्या म्हटलं, "टाका." नवरा तर गेलाच होता, आता आयुष्य कोणाचं कमी होणार होतं? पण धमकी देऊन ते नाव माह्या तोंडून काढून घेतील? मी देईन काय? नाही म्हणजे नाही.

मंग सायेबानं इचारलं, तू खिडकीत काय सांगतलं होतं? म्या सांगतलं, पायावर गाठ पडली, त्याईची. शिरस्तेदारानं दवाखान्याची वही मागवली, तवा मोर्शीकडचा गाडीवान सापडला. दोन दिवसानं त्याले खाटेसकट कचेरीत आणलं.

तो म्हणे, "माही जखम दवेनं धुतात, तवा आगीवाणी झोंबते सायेब. पण हिचे मालक गेले त्या दिशी झोंबलीच नाही. सारी चिकचिक झाली, अन् पट्टीले मुंग्या लागल्या."

डाक्तरानं सांगतलं, माह्या नवऱ्याची प्यायची दवा साखरेच्या पाकात होती. गाडीवानाची जखम धुवायची दवा म्हणजे जहर. मंग कुठं कंपाउंडराची मान खाली गेली, अन् अदलाबदल झाली असंन असं तो पुटपुटला.

मले सोडलं. शिरस्तेदार निकाल वाचून राहिला होता, "एका रोग्याचे औषध चुकून दुसऱ्या रोग्यास गेले."

"थांबा," म्या म्हटलं. "रोगी म्हणजे कोण? माणूस मेला माहा. तिथं नाव लिवा."

"नाव वर लिहिलं आहे, बाई."

"चूक लिवली, तिच्या शेजारी लिवा. मी सांगते."

सासरा समोर उभा होता. म्या डोक्यावरचा पदर सारखा केला अन् नवऱ्याचं नाव घेतलं. बिनउखाण्याचं, मोठ्यानं, साऱ्या कचेरीत. सासऱ्यानं पागोट्याच्या सोग्यात तोंड लपवलं. मंग मी कंपाउंडरासमोर जाऊन उभी राहिली.

"हे नाव म्या खिडकीत घेतलं असतं तर ते जिते राहिले असते, हे मले समजते. कोणी शिकवू नये. पण तुह्या बाटलीवर ते लिवलं होतं. मले घेता येत नव्हतं, तुले तर वाचता येत होतं ना? तू काहून नाही वाचलं?"

सायेबानं पुढचा खटला पुकारला. शिपाई म्हणे, चल बाई, तुले सोडलं. म्या म्हटलं, म्या ह्याले नाही सोडलं, अन् तिथंच उभी राहिली.