गुडघ्याची पुडी आणि आम्ही दोघी जावा

"मावशी, तुमचं शरीर एक फार महत्त्वाची वस्तू बनवायचं विसरलंय," शिरूरच्या डॉक्टरीणबाई माझ्या खाटेशी उभ्या राहून म्हणाल्या. "तिला कॉर्टिसॉल म्हणतात. तुमच्या रक्तात ते जवळजवळ नाहीच. तुम्ही अजून बोलताय याचंच मला नवल वाटतंय."

माझ्या बोलण्याचं आजवर कुणाला नवल वाटलं नव्हतं. मी गप्प बसावं म्हणून आमच्या घरातली माणसं नवस बोलली असती.

आजाराचं नाव त्यांनी सांगितलं, सेकंडरी अ‍ॅड्रिनल इनसफिशियन्सी. दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या दोन छोट्या ग्रंथी असतात, त्या अ‍ॅड्रिनल. त्यांनी काम सोडलं की हा आजार होतो. माझ्या ग्रंथींनी आपण होऊन काम सोडलं नव्हतं. त्यांचं काम मी दौंडहून पुडीत बांधून आणत होते.

तुमचे गुडघे दुखत असतील आणि कुणी बिननावाची पांढरी पुडी देत असेल, तर हे तुमच्यासाठी लिहिते आहे. मला दया दाखवू नका. ज्या दोघींना दाखवायला हवी होती त्यांची गोष्ट यातच येते.

आम्ही न्हावऱ्याचे. कांदा, थोडा ऊस आणि गोठ्यात गाई. कमल माझी धाकटी जाऊ. घरं शेजारी, गोठा एकच. पहाटे आणि संध्याकाळी उकिडवं बसून धारा काढायच्या, त्यात दोघींचे गुडघे गेले. दौंडच्या बाजारात एक माणूस गुडघ्याची पुडी देतो हे कमललाच तिच्या माहेरच्या कुणीतरी सांगितलं. दोघी एसटीने गेलो. त्याने नाडी पाहिली, डोळे मिटले आणि पुड्या दिल्या. "मोठ्या डॉक्टरला सांगायचं न्हाई. सांगितलं की औषधाचा गुण जातो," असं बजावलं.

तिसऱ्या दिवशी मी जिना चढले. कमल तर गोठ्यात पळत होती. दोघींना भूक लागायला लागली, तोंडं गोल झाली, गाल तकतकीत दिसायला लागले. बायका म्हणायच्या, "जावाजावांना सुख लागलं." आम्हीही मिरवलं. पोटावर जांभळे पट्टे उठले, हाताला जरा कुठं लागलं की काळंनिळं व्हायचं, ते मात्र पदराखाली राहिलं. ते सुख नव्हतं, स्टेरॉइड होतं, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

वर्ष-दीड वर्ष असं चाललं. मग नवरात्र आलं.

आमच्यात नवरात्राचा उपास अळणी असतो. भगर आणि शेंगदाणे, तेही मिठाशिवाय. पायात चप्पल नाही. आणि औषधही नाही, कारण औषध पोटात गेलं की उपास बाटतो. साखरेची गोळी घेणाऱ्या बायकासुद्धा ती डबी नऊ दिवस फळीवर ठेवतात आणि देवी सांभाळते म्हणतात. आदल्या वर्षी कमल बाळंतिणीच्या सेवेला माहेरी होती आणि मला ताप होता, म्हणून दोघींचा उपास चुकला होता. या वर्षी दोघींनी कसर भरून काढायचं ठरवलं. घट बसले त्या दिवशी पुड्या बंद.

पहिले दोन दिवस नुसते गुडघे ठणकले. मग अंगातलं सगळं त्राण गेलं. उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधार. पाण्याचा घोटही उलटायचा. कमल माझ्याहून बारीक चणीची, ती आधी आडवी झाली. घटाच्या खोलीतच तिचं अंथरूण होतं. गावातल्या दवाखान्यात नेलं. उपासाचं पित्त म्हणून सलाइनची बाटली लावली, उलटीचं इंजेक्शन दिलं आणि घरी पाठवलं. पुडीचं कुणी बोललं नाही. गुण जाईल ना.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने पाणी मागितलं. घरातले सगळे मागं गोठ्याकडे होते. फक्त तिची सून रूपाली ओसरीवर होती, कारण तिची अडचण सुरू होती आणि घटाच्या खोलीत जायचं तिला बंद होतं. कमल हाका मारत राहिली. रूपाली आत गेली, सासूचं डोकं मांडीवर घेतलं आणि तिला पाणी पाजलं.

तिन्हीसांजेला कमल गेली.

मग जे झालं ते कुठल्या आजारात होत नाही, फक्त माणसांत होतं. प्रेत दारात असताना कुणीतरी विचारलं, घटाजवळ कोण गेलं होतं? रूपालीने खरं सांगितलं. तेवढंच तिचं चुकलं. माझे दीर नामदेव तिच्याकडे बोट करून म्हणाले, "हिनं माझं घर बाटवलं आन् बाई खाल्ली." त्यांचा मुलगा विशाल मान खाली घालून उभा होता. ती मान त्याने अजून वर केलेली नाही. तेरावा झाला आणि त्याने बायकोला मोटारसायकलवर बसवून तळेगाव ढमढेऱ्याला माहेरी सोडलं. प्रेताजवळचं ते बोलणं मला नंतर कळलं, कारण तेव्हा मी आमच्या आतल्या खोलीत भिंतीला लागून पडले होते आणि पुढचा नंबर माझा आहे असं बायका हलक्या आवाजात बोलत होत्या.

आता पुढचा भाग नीट वाचा. घरात सुतक पडलं म्हणून घट उठले आणि उपास सुटला. भावकीने पिठलं-भाकरी आणली. किती तरी दिवसांनी जिभेला मीठ लागलं. भेटायला येणाऱ्यांसमोर जमिनीवर बसवेना, म्हणून फळीवरची डबी काढून मी एक पुडी घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठून चहा केला. तोंडावर तेज आलं, भूक लागली. रडायला आलेल्या बायका माझ्या ताटाकडे बघून एकमेकींना कोपर मारत होत्या. जाऊ मेली आणि ही दोन भाकरी खाते, असं एक जण मला ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाली.

कमल मेली म्हणून मी वाचले. हे वाक्य लिहायला सोपं आहे. त्याच्यासोबत रोज उठायचं सोपं नाही.

दिवाळीनंतर दौंडचा तो माणूस एकाएकी दिसेनासा झाला. जागा बंद, विचारावं तर कुणाला काही माहीत नाही. माझ्या पुड्या संपल्या आणि पुन्हा तेच सुरू झालं. अंधारी, उलट्या, हातपाय गार. एका दवाखान्यात अ‍ॅसिडिटी म्हणाले, दुसऱ्यात वयाची कमजोरी. शेवटी माझा मुलगा सागर आणि आमचे मालक मला गाडीत घालून शिरूरला घेऊन गेले.

तिथल्या बाकावर मी दीड तास आडवी होते. शेजारच्या बाईने माझे पाय बाजूला सारले आणि तिथे पिशवी ठेवली. नंबर आला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी बीपी दोनदा मोजलं. लागेना म्हणून नाही, खरं वाटेना म्हणून. साखर खाली, रक्तातलं सोडियम म्हणजे मीठ खाली. मग त्यांनी माझा पदर बाजूला केला, पोटावरचे पट्टे बघितले, माझं गोल तोंड बघितलं आणि विचारलं, "कसली पुडी घेत होतात?"

"कसलीच न्हाई ओ," आमचे मालक घाईने म्हणाले.

"व्हय, घेत व्हते," मी म्हणाले. गुण गेला तर जाऊ दे म्हटलं, जीव तर निघालाच होता.

त्यांनी आधी रक्त काढलं आणि रिपोर्टची वाट न बघता हायड्रोकॉर्टिसोनचं, म्हणजे त्या कॉर्टिसॉलचंच, इंजेक्शन दिलं. सोबत साखरेची आणि मिठाची सलाइन. संध्याकाळी मी उठून बसले आणि परिचारिकेशी वाद घातला. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला आणि सुरुवातीला लिहिलं ते बोलणं झालं.

त्यांनी मला कागदावर चित्र काढून समजावलं. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्यूटरी ग्रंथी असते. रक्तात कॉर्टिसॉल कमी झालं की ती मूत्रपिंडावरच्या ग्रंथींना निरोप धाडते, बनवा. ते बनलं की यकृत साठवलेली साखर सोडतं, रक्तवाहिन्या आवळून धरतात, बीपी टिकतं, अंगातलं मीठपाणी जागेवर राहतं. उपास असो, ताप असो, दुःख असो, शरीर जास्त मागतं आणि ग्रंथी जास्त देतात. एकटं कुणीच काही करत नाही. बाहेरून पुडीत तशीच वस्तू, म्हणजे स्टेरॉइड, रोज आली की मेंदूला वाटतं, पुष्कळ आहे. निरोप बंद होतो आणि ग्रंथी सुकतात.

मला त्यांच्या चित्रापेक्षा माझा गोठा जास्त समजतो. गाईची धार काढायची सोडली की ती आटते. मग एखाद्या सकाळी घरात पाहुणे आले म्हणून बादली घेऊन तिच्याखाली बसलात, तर लाथ मिळेल, दूध नाही मिळणार. आम्ही दोघींनी आमच्या गाई आटवल्या आणि नेमक्या उपासाच्या दिवसांत बादली घेऊन बसलो.

"म्हंजी आमची कमल," मी म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग पेनाचं टोपण लावत म्हणाल्या, "तपासल्याशिवाय मी लिहून देणार नाही. पण तुम्ही सांगताय ते तंतोतंत हेच आहे."

मला आता सकाळी आणि दुपारी त्याचीच मोजून दिलेली गोळी असते. ती महिन्यामहिन्याने थोडी थोडी कमी करतील, ग्रंथी जाग्या होतात का बघतील. ताप आला तर दुप्पट. उलटी थांबेना तर थेट इंजेक्शन. पर्समध्ये आजाराचं कार्ड असतं. तुम्ही अशी पुडी घेत असाल तर रागाच्या भरात उकिरड्यावर फेकू नका, ती एकदम बंद केली की मारते. ती घेऊन डॉक्टरांकडे जा आणि लाज न धरता सांगा. उपास देवीचा असतो, गोळीचा नसतो.

घरी आल्यावर मी पहिल्यांदा नामदेवभाऊजींच्या ओसरीवर गेले. चित्राचा कागद पुढे ठेवला आणि सगळं सांगितलं. रूपालीने पाणी पाजलं त्याने काही झालं नाही, तिला घेऊन या, असं मी म्हणाले.

त्यांनी कागदाची घडी घालून ती माझ्याकडे सरकवली. मग म्हणाले, "डॉक्टरचं खरं असंल, वहिनी. पण आता तिला आणायची म्हंजी आपलं चुकलं म्हणावं लागंल. गावाला काय सांगायचं? आन् विशालला दुसरीकडनं विचारणा बी आलीया."

विशाल तिथेच होता. तो मोबाइलवर काहीतरी बघत होता.

पुढच्या आठवड्यात मी एकटी एसटीने तळेगावला गेले. रूपाली वाळली होती. कोरेगाव भीमाजवळच्या एका कंपनीत पॅकिंगला जाते म्हणाली, नुकतीच शिफ्टवरून आली होती. तिने चहा ठेवला. ती कमलला आत्या म्हणायची आणि मला थोरल्या आत्या. मी तिला पिट्यूटरीपासून सगळं सांगितलं. तुझा काडीचा दोष नाही, हेही सांगितलं. मला वाटलं ती सुटकेने रडेल, नाहीतर मला दोन शब्द सुनावेल. मी दोन्हींची तयारी करून गेले होते.

ती चहाच्या पातेल्याकडे बघत म्हणाली, "त्या दवाखान्यात पुडीचं कुणी सांगितलं असतं, तर आत्यांना हेच इंजेक्शन दिलं असतं?"

"व्हय."

"मग जगल्या असत्या?"

"बहुतेक जगली असती, बाळ."

तेव्हा ती रडली. चहा उतू गेला तरी तिने गॅस बंद केला नाही, तो मी उठून केला. कमलला जाऊन इतके महिने झाले होते. आमच्या घरात घट कसे बाटले हे सगळ्यांनी विचारलं, गाई आता कोण बघणार हे विचारलं, विशालचं पुढं काय हेही विचारलं. कमल जगली असती का, हे फक्त हिने विचारलं.