दुसऱ्यांच्या मुलांचं कौतुक

आमच्या घरात कौतुक व्हायचं ते दुसऱ्यांच्या मुलांचं. तेही शेजारच्या किंवा नात्यातल्या नव्हे, तर पार ऑस्ट्रेलियातल्या, आम्ही जन्मात न पाहिलेल्या सोळा-सतरा वर्षांच्या पोरांचं. आपला तो बाळ्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आले. जर्मनीतल्या रेगेन्सबर्गच्या आमच्या फ्लॅटमध्ये ती उलटी लागू होती.

हे वेड मेलबर्नचं. जर्मनीत येण्याआधी आमच्या ह्यांना कंपनीने तीन वर्षं तिकडे पाठवलं होतं. तिथे त्यांना तिथला फुटबॉल भेटला. नाव फुटबॉल, पण चेंडू न सोललेल्या नारळासारखा लंबुळका, मैदान क्रिकेटचं, आणि गोलाच्या जागी नुसतेच उंच खांब, जाळी नाहीच. चेंडू हातात घेऊन पळायचं, लाथ मारून लांब उडवायचा, आणि दुसऱ्याने तो हवेतल्या हवेत झेलायचा. मला पहिल्यांदा बघून हसू आलं होतं. हे मात्र पागल झाले. त्यातही मोठ्या नावाजलेल्या संघांवर नव्हे, तर कुमार गटांवर. म्हणायचे, "मोठा झालेला खेळाडू कोणीही ओळखेल. कोवळा असताना ओळखता आला पाहिजे."

दोन हजार सालच्या सुमाराला आम्ही जर्मनीत आलो, तरी ते सुटलं नाही. शनिवारी उजाडायच्या आत हे कॉम्प्युटरसमोर. तिकडे तेव्हा दुपार झालेली असे. खरखरणारं रेडिओवरचं वर्णन ऐकायचं, मग तिकडच्या लोकांनी इंटरनेटवर लिहिलेलं सगळं वाचून काढायचं, आणि आम्ही उठलो की नाश्त्याला आम्हाला ऐकवायचं. "बेंडिगोकडचा एक मुलगा आहे, डाव्या पायाने काय मारतो! दोन वर्षांत मोठ्या संघात दिसेल बघ." आणि दोन वर्षांनी तो खरोखरच दिसायचा. त्यांची नजर पारखी होती, हे मला कबूल करावंच लागेल. भाजी आणायला पाठवलं तर किडकी वांगी घेऊन येणारा हा माणूस पोरं मात्र अचूक निवडायचा.

टेबलाच्या दुसऱ्या बाजूला आमचा मुलगा ब्र्योट्शेनला, म्हणजे इथल्या छोट्या पावाला, लोणी लावत हे सगळं ऐकत असायचा. तोही त्याच मेलबर्नमध्ये, पहिलीत असताना, शाळेच्या मैदानावर तो चेंडू मारायला शिकला होता. जर्मनीत आल्यावर मराठी त्याला समजायची, पण उत्तर जर्मनमधून यायचं. इथल्या शाळेत सगळी मुलं गोल चेंडूमागे पळायची. ह्याने आपला लंबुळका चेंडू सोडला नाही. म्युनिकला ऑस्ट्रेलियन लोकांचा एक हौशी संघ होता, त्यांनी रविवारी मुलांसाठी खेळ सुरू केला. कुणाची आई ऑस्ट्रेलियन, कुणाचा बाप, दोन-चार नुसतेच जर्मन कुतूहलाने आलेले, आणि एक आमचा. आम्ही रविवारी डबा घेऊन रेगिओनालबानच्या लोकल गाडीने म्युनिकला जायचो. मोकळ्या माळावर शंकू मांडून मैदान आखायचं, गटाराचे प्लास्टिकचे पाइप उभे करून खांब करायचे. पोरांना एवढं पुरे होतं.

आणि आमचा मुलगा चांगला होता. मी आई म्हणून बोलत नाही. तो चेंडू जमिनीवर पडला की कुठे उसळेल याचा काही नेम नसतो, सगळी पोरं चुकीच्या दिशेला धावतात. हा मात्र आधीच तिथे जाऊन उभा असायचा. बाकीच्या मुलांचे आईबाप मला येऊन सांगायचे. ह्यांना कोणी सांगितलं, की हे म्हणायचे, "छे हो, नुसता पळतो. आळशी आहे."

घरी आल्यावरही तेच. "आज दोन सोपे झेल सोडलेस." तो मान खाली घालून बूट काढायचा. मी रागावले की हे म्हणायचे, "तोंडावर कौतुक केलं की पोरं बिघडतात. आणि दृष्ट लागते ती घरच्यांचीच आधी लागते." इंजिनिअर माणूस, गाडीच्या ब्रेकवर काम करणारा, आणि दृष्टीच्या गोष्टी!

पण ते कुठून आलं होतं ते मला माहीत होतं. ह्यांना इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला तेव्हा पेढे घ्यायला आलेल्या पाहुण्यांना माझे सासरे म्हणाले होते, "नशिबाने नंबर लागला हो, नाहीतर याची काय लायकी?" आणि त्याच आठवड्यात पँटचं माप द्यायला गेल्यावर शिंप्याने ह्यांना सांगितलं, "वडील तुमचे काय खूश आहेत! येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगतायत." आमच्याकडे कौतुक असंच होतं. मागून होतं, आणि शिंपी, आत्या, वाणी अशा चार तोंडांतून फिरून आपल्यापर्यंत पोचतं. ह्यांना बापाचं प्रेम त्या शिंप्याकडून कळलं, आणि ते त्यांना आयुष्यभर पुरलं.

रेगेन्सबर्गमध्ये शिंपी नव्हता. आत्या नव्हती. हे ऑफिसातल्या एकमेव मराठी सहकाऱ्याला फोनवर तासभर मुलाचं सांगायचे, तेही दार लावून. ते मला भिंतीतून ऐकू यायचं, मुलाला नाही. मग मीच म्हणायचे, "अरे, बाबा तुझं किती कौतुक करत होते!" तो विचारायचा, "वान?" कधी? मी म्हणायचे, आत्ताच, फोनवर. तो खांदे उडवायचा. आईचं बोलणं, त्याला काय किंमत!

तो पंधरा वर्षांचा झाला त्या उन्हाळ्यात म्युनिकला एक ऑस्ट्रेलियन गृहस्थ आले. निवृत्त शिक्षक, मुलगी म्युनिकला दिलेली, तिच्याकडे काही आठवडे राहायला आलेले. मेलबर्नमध्ये ते सोळा वर्षांखालच्या मुलांचा एक संघ तयार करायचे. आमच्या माळावर ते दोन-तीन रविवार आले, आणि मग म्हणाले की ऑगस्टमध्ये मी इथल्या दोन मुलांना सोबत घेऊन जाईन. इथे शाळेला सुट्टी, तिथे ऐन मोसम. मुलं तिथल्या कुटुंबांत राहतील, माझ्या संघाबरोबर सराव करतील, खेळतील.

आमच्या मुलाचं जेवणातलं लक्ष उडालं. एका संध्याकाळी मी पाहिलं, त्याने त्याची मोठी बॅग कपाटावरून काढून पुसून ठेवली होती.

ह्यांची आणि त्या गृहस्थांची तर गट्टीच जमली. म्युनिकच्या माळावर मेलबर्नच्या कुमार गटातली पोरं एकेक करून सांगणारा मराठी माणूस पाहून ते गृहस्थ चकितच झाले. ते विचारायचे, तो अमका उंच मुलगा वर चढेल का? हे म्हणायचे, नाही, त्याचा गुडघा टिकणार नाही. ते गृहस्थ मांडीवर थाप मारायचे, "अगदी हेच मी म्हणतोय!" तास तास हे चाललं होतं. मला फार बरं वाटलं. इतक्या वर्षांच्या वेडाचं चीज होतंय असं वाटलं.

निवडीच्या रविवारी खेळ झाला. आमचा मुलगा इतका सुंदर खेळला, की मी सँडविच हातात धरून तशीच उभी राहिले. नंतर सगळे सॉसेज भाजायला जमले, आणि ते गृहस्थ एकेका आईबापाशी बोलायला लागले. आमच्याजवळ एका जर्मन मुलाचे वडील उभे होते. त्यांना विचारलं, तुमच्या मुलाबद्दल काय मत? ते शांतपणे म्हणाले, "माझा मुलगा चांगला आहे. झेल उत्तम घेतो, डावा पाय कच्चा आहे. त्याला यायचंय आणि तो एकटा राहू शकतो." त्यात बढाई नव्हती. गाडीची माहिती द्यावी तशी त्यांनी मुलाची माहिती दिली.

मग गृहस्थ ह्यांच्याकडे वळले. "आणि तुमचा? तुम्हाला तर सगळ्यांत जास्त कळतं. तुम्ही सांगा, जमेल त्याला तिथे?"

हे हसले. ते हसू मी लग्नाआधीपासून ओळखते. म्हणाले, "नाही हो, त्याच्यात विशेष काही नाही. पळतो आपला. त्याच्यापेक्षा चांगली मुलं आहेत इथे. शिवाय थोडा आळशी आहे."

आणि हे थांबले. मला कळत होतं ते कशासाठी थांबलेत. पुण्यात समोरचा माणूस लगेच म्हणाला असता, "अहो, असं काय म्हणता! एवढा गुणी मुलगा!" मग ह्यांनी पुन्हा नाही-नाही म्हटलं असतं, त्याने पुन्हा आग्रह केला असता, आणि शेवटी ह्यांनी लाजत लाजत मान्य केलं असतं. आमच्याकडे अर्धं बोलणं आपण बोलायचं असतं आणि अर्धं समोरच्याने. हे आपलं अर्धं बोलून वाट बघत होते.

"फेअर इनफ," ते गृहस्थ म्हणाले. म्हणजे बरं, तुम्ही म्हणता तसं. ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि पुढच्या आईबापांकडे गेले.

मुलगा आमच्या मागे कागदी ताटली घेऊन उभा होता. हे सगळं इंग्रजीत झालं होतं, त्यामुळे त्याला न कळण्याचा प्रश्नच नव्हता. मी वळून बघितलं तर तो सॉसेजवर मोहरीचा सॉस घालत होता, नको तेवढी.

पुढच्या रविवारी नावं सांगितली. तो जर्मन मुलगा, आणि दुसरा एक, ज्याची आई ऑस्ट्रेलियन होती. आमच्या मुलाने दोघांचे हात हातात घेऊन अभिनंदन केलं. ह्यांचा चेहरा पांढरा पडला. माझ्याकडे बघून म्हणाले, "असं कसं? याला कसं नाही घेतलं?" मला इतका राग आला होता, की मी म्हटलं, "जा, विचारा त्यांनाच. पायावर धोंडा पाडून घेतलाय तुम्ही, आणि पाय पोराचा आहे."

हे गेले. मीही मागोमाग गेले. आणि त्या माळावर माझ्या नवऱ्याला मी जन्मात पहिल्यांदा आपल्या मुलाची स्तुती करताना उघड ऐकलं. म्हणाले, मी जे बोललो ते खरं नव्हतं, आमच्यात तसं बोलायची रीत आहे. हा मुलगा इथला सगळ्यांत चांगला आहे. मी शेकडो पोरं पाहिली, चेंडू कुठे पडणार हे असं कळणारा मुलगा मी तिकडेही क्वचित पाहिला.

त्या गृहस्थांनी सगळं ऐकून घेतलं. माणूस सज्जन होता, त्यांचंही तोंड उतरलं. म्हणाले, "मलाही तो आवडला होता. पण मी तुम्हाला विचारलं. या मैदानावर तुमच्याइतकं कोणाला कळत नाही, म्हणून मी तुमचा शब्द मानला. परक्या देशात, परक्या घरात मुलाला न्यायचं. बापालाच खात्री नसेल तर मी कशाच्या जोरावर नेऊ?" दोन्ही कुटुंबांना शब्द गेला होता, तिकडची घरं ठरली होती. आता बदलणं म्हणजे दुसऱ्या पोराचं मन मोडणं. तसं करा असं तर हेही म्हणू शकले नसते.

परतीच्या गाडीत आम्ही तिघं समोरासमोर बसलो. बाहेर लख्ख ऊन होतं, शेतात मका वाढलेला. मग हे पुढे वाकले आणि मुलाशी बोलायला लागले. पावसातल्या एका खेळात त्याने दोन मोठ्या पोरांच्या मधून चेंडू कसा काढला. अकरा वर्षांचा असताना उलट्या पायाने मारायचं तो आपल्या आपण कसं शिकला. एकदा स्वतः गोल मारायचा सोडून लहान मुलाकडे चेंडू कसा दिला, आणि ते बघून आपल्याला तिथे तोंड फिरवावं लागलं होतं. वर्षांमागून वर्षं, रविवारांमागून रविवार, सगळं त्यांच्याकडे जपलेलं होतं. मला यातलं निम्मंही आठवत नव्हतं. मी खिडकीकडे तोंड करून रडत होते, कारण इतकं प्रेम या माणसाने कुठे दडपून ठेवलं होतं ते मला कळेना. शेवटी हे म्हणाले, "तू फार चांगला खेळतोस, राजा. मी पाहिलेल्या सगळ्यांत चांगला."

मुलाने सगळं नीट ऐकलं होतं. मध्ये एकदाही तोडलं नाही. मग हलकेच, आजारी माणसाशी बोलावं तशा आवाजात तो म्हणाला, "बाबा, दू मुस्ट येट्स्ट निश्त ल्यूगेन." आता तुम्ही खोटं बोलायची गरज नाही.

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. "अगं, तू सांग ना त्याला."

मी म्हटलं, "खरं बोलतायत रे बाबा. देवाशपथ खरं."

"ओके, आई," तो म्हणाला. हसला आमच्याकडे बघून, आमची समजूत काढल्यासारखा, आणि पिशवीतून पाण्याची बाटली काढून आधी बाबांना दिली.