रविवारचा क्लब

वाल नदीचा पूल ओलांडल्याशिवाय डबा उघडायचा नाही, हा नियम श्यामकांतचा. हूफडॉर्पच्या घरून गाडी निघाली की अर्ध्या तासात उल्हासची कुरकुर सुरू व्हायची.

"पुऱ्यांचा वास येतोय रे. माणूस आहे का कोण आहे मी?"

"पूल," श्यामकांत म्हणायचा.

मग पूल यायचा. उंच तारांचा, खाली रुंद पाणी, त्यात संथ चाललेल्या मालवाहू बोटी. पूल संपला की उल्हास डब्याचं झाकण उघडायचा. श्यामकांतच्या बायकोने, जयंतीने केलेल्या तिखटमिठाच्या पुऱ्या, लिंबाचं लोणचं आणि थर्मासमधला आल्याचा चहा. उल्हास पाठीमागे एक छोटी उशी घेऊन बसायचा. "नवाबसाहेब," श्यामकांत त्याला चिडवायचा. उल्हास हसायचा आणि पुढची पुरी उचलायचा. अजून तासाभराचा रस्ता बाकी असायचा.

हा सगळा खटाटोप एका डच खेड्यातल्या फुटबॉल क्लबसाठी होता. क्लबचं नाव मेरकूट. कालव्यात पोहणारा, पांढऱ्या कपाळाचा एक काळा पक्षी असतो, त्याच्यावरून ठेवलेलं. खेळाडू आठवडाभर सुतारकाम करतात, शाळेत शिकवतात, ट्रक चालवतात. हा संघ टीव्हीवर कधी दिसत नाही. परगावच्या सामन्याला त्याच्यामागे पंधरा-वीस माणसं जातात. त्या पंधरा-वीसांत दोन मराठी होते.

श्यामकांत पुण्याहून इथे आला तेव्हा चाळिशी ओलांडलेली होती. मुलगी डेल्फ्टला शिकायला गेली. ती मराठीतल्या प्रश्नांना इंग्रजीत उत्तरं द्यायची. ऑफिस स्लोटरडाइकला, तिथे सगळे सभ्य आणि सगळे घाईत. एका रविवारी सायकलवर असताना गारा पडू लागल्या. तो मेरकूटच्या कँटीनमध्ये शिरला. मैदानाची निगा राखणाऱ्या म्हाताऱ्या तेउनिसने विचारपूस न करता त्याच्या हातात कॉफी दिली आणि खिडकीपाशी जागा करून दिली. निघताना नाव तेवढं विचारलं. पुढच्या रविवारी श्यामकांत दारात दिसताच तेउनिस ओरडला, "श्याम!" या देशात त्याला नावाने कुणी हाक मारण्याची ती पहिली वेळ. त्याच आठवड्यात तो सभासद झाला.

उल्हास नंतर आला. मागच्या गल्लीत राहायला आलेला, नवी नोकरी, ओळखी नाहीत. श्यामकांतने त्याला हाताला धरून मैदानावर नेलं. ऑफसाइड म्हणजे काय, ते कँटीनच्या टेबलावर साखरेच्या पुड्या मांडून समजावलं. उल्हासची मुलगी चारुता मेरकूटच्या मुलींच्या संघात खेळू लागली, तेव्हा तिचे पहिले बूटही श्यामकांतनेच आणले.

इथले हौशी क्लब दोन जातींचे. काही शनिवारचे, काही रविवारचे. जुन्या काळी कडक प्रोटेस्टंट गावं देवाच्या वारी चेंडूला पाय लावत नसत, म्हणून त्यांचा शनिवार. कॅथलिक गावं चर्चमधून थेट मैदानावर, म्हणून त्यांचा रविवार. आता चर्चमध्ये फारसं कुणी जात नाही, पण वार तसेच राहिले. गेल्या काही वर्षांत मात्र पश्चिमेकडचे क्लब एकामागून एक शनिवारकडे वळले. रविवारचे उरले ते बहुतेक दक्षिणेला. दर उन्हाळ्यात संघटना क्लबांचे गट पाडायची आणि मेरकूटची वर्णी ब्राबांट-लिम्बुर्गच्या गटात लागायची. म्हणजे दर दुसऱ्या रविवारी देश उभा ओलांडायचा. गट जाहीर झाले की कँटीनमध्ये शिव्यांची लाखोली. श्यामकांत तेवढा खुशीत नकाशा उघडून बसायचा.

"उल्हास, यंदा पार जर्मनीच्या वेशीपर्यंत!"

"चला की. वहिनींना म्हणावं, पुऱ्या वाढवा."

मार्चमध्ये क्लबची सभा ठरली. विषय एकच, रविवार सोडून शनिवारी जायचं का. शनिवारी गेलं तर सगळे सामने आसपासच्या गावांत, सायकलच्या अंतरावर. पण श्यामकांतच्या ऑफिसात नवं सॉफ्टवेअर चढवायचा वार शनिवारच. लहान मुलं असलेल्यांना तो वार नको असायचा, म्हणून श्यामकांतने कधीच तो आपल्या अंगावर घेतला होता. बदल्यात रविवार त्याचा. शनिवारचा मेरकूट म्हणजे त्याच्यासाठी नसलेला मेरकूट.

सभेच्या आठवड्यात वडिलांचं वर्षश्राद्ध आलं. पुण्याला जाणं भाग होतं. गैरहजर सभासद आपलं मत दुसऱ्याकडे सोपवू शकतो. श्यामकांतने सही करून कागद उल्हासच्या हाती दिला.

"माझं मत रविवारचं. सांगायला नको."

"सांगायला नको," उल्हास म्हणाला.

श्राद्ध आटोपून तो ओसरीवर टेकला होता, तेव्हा उल्हासचा फोन आला. "हरलो रे. शनिवार झाला." आवाज पडलेला होता. श्यामकांतनेच त्याची समजूत काढली. "तू काय करणार एकटा? चालायचंच." परत आल्यावर त्याने साहेबांकडे शनिवार बदलून मागितला. साहेबांनी सभ्यपणे नाही म्हटलं.

जूनमध्ये नवे गट जाहीर झाले. सगळी जवळची गावं. कँटीनमध्ये बिअरचे ग्लास भरले गेले. श्यामकांत निरोप घेतल्यासारखा खिडकीपाशी बसला होता. तेउनिस त्याच्याजवळ आला आणि त्याचा हात दोन्ही हातांत धरला.

"श्याम, तुझे आभार मानायचे राहिले होते."

"माझे? कशाबद्दल?"

"तुला शनिवारी काम असतं, ते सगळ्यांना ठाऊक आहे. तरी क्लबसाठी तू शनिवारला मत दिलंस. मी पहिल्या रांगेत होतो. उल्हासने दोन्ही हात वर केले. एक त्याचा, एक तुझा. मी बायकोला म्हटलं, याला म्हणतात सभासद."

श्यामकांतने हात सोडवून घेतला नाही. "हो," तो म्हणाला. "क्लबसाठी."

तो तिथून निघाला आणि सरळ उल्हासकडे गेला. दार उल्हासच्या बायकोने, सुमेधाने उघडलं. उल्हास सोफ्यावर होता. श्यामकांतचा चेहरा पाहून त्याने टीव्ही बंद केला.

"दोन्ही हात?" श्यामकांतने विचारलं.

उल्हासने रिमोट बाजूला ठेवला. मग म्हणाला, "तुझं मत नसतं तरी झालं असतं. खूप फरकाने झालं."

"मग माझं घेतलंस कशाला?"

"अरे, सगळे बघत होते. मी एक हात शनिवारला वर करायचा आणि दुसरा रविवारला? हसले असते लोक."

"हसले असते."

"मुलांमुलींचे सामने सगळीकडे शनिवारीच असतात, चारुताचेही. पुढेमागे तिला इथेच राहायचंय. एकाच वारी सगळं असलं की..."

"हे मला मार्चमध्ये सांगायचं होतंस. मी कागद दुसऱ्याकडे दिला असता. तेउनिसकडे दिला असता. फोनवर 'हरलो' म्हणालास. मी तुझी समजूत काढली, उल्हास. बापाचं श्राद्ध करून उठलो होतो आणि तुझी समजूत काढत होतो."

उल्हासने मान खाली घातली. आतून सुमेधा पाण्याचा ग्लास घेऊन आली होती. तिला राहवलं नाही.

"भावजी, चूक त्यांचीच आहे, मी नाही कुठे म्हणत? पण ते लिम्बुर्गहून आले की दोन-दोन दिवस पाठ धरून बसायचे. दर वेळी म्हणायचे, हा शेवटचा. तुम्हाला कधी बोलले नाहीत?"

"सुमेधा," उल्हास म्हणाला.

"काय सुमेधा? ती उशी काय हौसेने नेत होतात?"

श्यामकांतने ग्लास घेतला. पाणी प्यायला. मग उल्हासला विचारलं, "सगळ्याच वेळी?"

"काय?"

"सगळ्याच वेळी कंटाळायचास? का अधूनमधून?"

उल्हास सोफ्यावरची चादर सारखी करू लागला. श्यामकांतने ग्लास टीपॉयवर ठेवला आणि तो घरी आला. जयंतीला एवढंच सांगितलं, "मतापेक्षा ते वाईट आहे. पुऱ्या खाताना तो मनात परतीचे किलोमीटर मोजत होता."

"पुऱ्या तर संपवायचा," जयंती म्हणाली.

"तेच तर."

सप्टेंबरात हंगाम सुरू झाला. शनिवारी मेरकूट शेजारच्या गावात जिंकला. श्यामकांत ऑफिसात होता. ग्रुपवर फोटो आले. एका फोटोत उल्हास सायकल धरून उभा होता. श्यामकांतने फोन उलटा ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी जयंती न सांगता उठली आणि तिने पुऱ्या तळल्या. "जा कुठेतरी," ती म्हणाली. श्यामकांत खाली आला तर गाडीपाशी उल्हास उभा. जाकीट घातलेलं, दाढी केलेली.

"वहिनी म्हणाल्या तू निघतोयस. येतो मी."

"कुठे जातोय ते माहीत आहे?"

"जिथे जाशील तिथे."

श्यामकांतने मागचं दार उघडलं. सीटवरची उशी उचलली आणि उल्हासच्या हातात दिली.

"ही तुझी. राहिली होती."

"श्याम, अरे..."

"घरी बस. पाठ सांभाळ."

आरशात उल्हास बराच वेळ दिसत राहिला, उशी पोटाशी धरून.

पूल आला. पूल गेला. डबा शेजारच्या सीटवर तसाच राहिला.

तो लिम्बुर्गमधल्या एका गावी पोचला. तिथे मेरकूट गेल्या वर्षी सपाटून हरला होता. फाटकावरच्या माणसाने श्यामकांतला ओळखलं.

"आज मेरकूट नाही! ते शनिवारचे झाले ना?"

"झाले."

"आणि तुमचा मित्र? तो उंच?"

"तोही शनिवारचा झाला."

माणूस हसला. तिकीट फाडताना त्याने विचारलं, "मग आज तुम्ही कुणाच्या बाजूने?"

श्यामकांतने मैदानाकडे पाहिलं. पलीकडच्या कडेला दहा-पंधरा अनोळखी माणसं एकाच रंगाचे मफलर घालून उभी होती. लांबून आली असावीत. प्रवासाने आखडलेले पाय झटकत होती.

"जे बाहेरगावाहून आलेत, त्यांच्या," तो म्हणाला आणि डबा काखेत मारून त्यांच्याकडे चालू लागला.